मेगाब्लॉक चालू आहे, रीसेट नको

२०२४च्या मेअखेरीस ठाणे स्टेशनात ६३ तासांचा ब्लॉक झाला. पाच आणि सहा नंबरचे फलाट रुंद करायचे होते. ठाणेकराला ब्लॉकचं नवल नाही, रविवार उजाडला की असतोच. पण समजा, काम सुरू होऊन अडतीस मिनिटं झाली आणि कुणी साहेब तणतणत आला, ‘अजून फलाट झाला नाही? उठा सगळे, गाड्या सोडा!’ तर काय होईल? मी महापे एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत काम करतो, तिथे आम्ही लिहिलेला एसएसडीचा ड्रायव्हर बरोब्बर हेच करत होता. अडतीस मिनिटांचा आकडा उगीच घेतलेला नाही. त्याचा हिशेब पुढे येईल.

आधी हा ड्रायव्हर कोण ते सांगतो, कारण घरी मी ‘ड्रायव्हर लिहितो’ म्हटलं की आई अजूनही विचित्र नजरेनं बघते. संगणकात एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची चिपांची डिस्क, बसवली की ऑपरेटिंग सिस्टीम तिच्याशी थेट बोलत नाही. मधे एक छोटा प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. ‘अमुक फाइल दे’ ही मागणी तो एसएसडीच्या भाषेत सांगतो, उत्तराची वाट बघतो, आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं तेही तोच ठरवतो. या लेखातली सगळी गडबड त्या शेवटच्या कामातली आहे.

पलीकडे एसएसडी म्हणजे नुसती चिप नव्हे. तिच्यात स्वतःचा प्रोसेसर असतो आणि त्यावर चालणारा स्वतःचा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. हा प्रोग्राम लागतो कशाला? तर एसएसडी जिच्यात डेटा साठवते ती फ्लॅश मेमरी फार अडेल असते म्हणून. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४मध्ये ती जगापुढे मांडली आणि १९८७मध्ये आज घरोघरी असलेली नँड फ्लॅश आली. ‘फ्लॅश’ हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, कारण मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो हे बघून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. नावात कौतुक आहे, पण तोच तिचा त्रासही आहे. लिहिता येतं एकेक पान, साधारण १६ किलोबाइटचं. पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक, कित्येक मेगाबाइटचा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींसारखं आहे हे. एकच खोली पाडून नव्यानं बांधता येत नाही. पुनर्विकास करायचा तर सगळी बिऱ्हाडं हलवा, मग इमारत पाडा. फर्मवेअर दिवसभर हेच करत असतं. उपयोगाचा डेटा दुसरीकडे हलवतं, नवे पत्ते वहीत टिपतं आणि रिकामा झालेला ब्लॉक पुसून घेतं. ती वही हरवली तर डेटा चिपमध्ये असूनही सापडत नाही.

आता या फर्मवेअरमध्ये चूक निघाली तर? २०१९च्या नोव्हेंबरमध्ये एचपीईनं आपल्या सर्व्हरच्या ग्राहकांना कळवलं, की काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात आणि डेटाही जातो. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. सोळा बिटांच्या चिन्हासहित मोजणीत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७, त्यापुढे एक तास गेला की मोजणी कोलमडते. वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरनं कपाळावर हात मारला असणार. त्याआधी २०१२मध्ये क्रुशियलच्या एका मॉडेलमध्ये ५,१८४ तासांनंतर अडचण येत होती. दोन्हीकडे इलाज एकच होता, नवं फर्मवेअर. आणि एकाच दिवशी बसवलेल्या एसएसडींचे तासही एकाच वेळी भरतात, त्यामुळे ‘एक गेली तर दुसरी आहे’ हा नेहमीचा दिलासाही इथे उरत नाही.

तर अपडेट हवंच. एनव्हीएमई नावाच्या, २०११मध्ये आलेल्या नियमावलीत त्याची रीत ठरलेली आहे. फर्मवेअरच्या फाइलचे तुकडे करून ते एकेक करून एसएसडीला द्यायचे. प्रत्येक तुकड्यासोबत तो सुरुवातीपासून किती अंतरावरचा आहे ते सांगायचं. सगळे पोचले की ‘कमिट’चा हुकूम द्यायचा. बहुतेक एसएसडी इथे डिजिटल सही तपासतात, आणि पटलं तर फर्मवेअर एका स्लॉटमध्ये, म्हणजे त्यासाठीच राखलेल्या खणात, ठेवतात. असे स्लॉट एकापासून सातपर्यंत असू शकतात. पहिला स्लॉट कंपनीनं फक्त वाचण्यापुरता राखून ठेवलेला असू शकतो, काहीही बिघडलं तरी परत येता यावं म्हणून.

जुन्यावरच नवं लिहिलं तर काय बिघडतं, हे ज्याला कळत नाही त्यानं १२ ऑक्टोबर २०२० आठवावा. सोमवार होता. कळवा–पडघे परिसरातल्या ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या, आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका फटक्यात काळोखात गेली. त्या क्षणी एखाद्या एसएसडीत जुनं फर्मवेअर अर्धं पुसलेलं आणि नवं अर्धं लिहिलेलं असतं, तर वीज आल्यावर ती सुरू कशाच्या जोरावर झाली असती? स्लॉट वेगळे असले की जुनं शाबूत राहतं.

इथवर सगळं सरळ आहे. पोचवणं सोपं, पालटणं अवघड. पूर्वी नवं फर्मवेअर चालू करायला संगणक रीस्टार्ट करावा लागे किंवा निदान एसएसडी रीसेट करावी लागे. ऐरोली-रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये हजारो सर्व्हर असतात, तिथे ‘जरा बंद करून चालू करा’ असं म्हणायची सोय नसते. म्हणून चालत्या गाडीत फर्मवेअर बदलायची सोय आली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ड्रायव्हरनं ती २०१७मध्ये घेतली. एसएसडी आधी कळवते, ‘मी आता पालटतेय.’ मग एक बिट वर करते. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर लाल बावटा. तो वर असेपर्यंत एसएसडी कुठल्याच मागणीला उत्तर देत नाही, पण बावटा मात्र ड्रायव्हरला केव्हाही बघता येतो. लिनक्सचा ड्रायव्हर दर १०० मिलिसेकंदांनी डोकावून बघतो, आहे का खाली आला.

या वेळात ड्रायव्हरनं मागण्या थोपवून धरायच्या असतात. नाकारायच्या नाहीत. गाडी रद्द होणं आणि सिग्नलला उभी राहणं यांत काय फरक आहे हे कळव्याच्या पुलाआधी वीस मिनिटं काढलेल्या माणसाला सांगायला नको. ड्रायव्हरनं वरती ‘एरर’ म्हणून कळवलं तर फाइलींचा हिशेब ठेवणारी फाइल सिस्टीम दचकते. काही फाइल सिस्टीम तर ‘आता फक्त वाचा, लिहिणं बंद’ असा पवित्रा घेतात. शिवाय आधीच पाठवलेल्या प्रत्येक मागणीचं स्वतःचं घड्याळ चालू असतं; लिनक्समध्ये ते साधारणपणे ३० सेकंदांचं. ते घड्याळ वाजलं तर बावटा बघायचा, हेही कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

बावटा अनंतकाळ वर राहिला तर? म्हणून एसएसडी आपल्या माहितीपत्रकात एक आकडा देते, पालटायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल त्याचा. ब्लॉकची जाहीर वेळच ती. आमच्याकडे नव्यानं आलेल्या मॉडेलचा आकडा होता १२०. आमच्या ड्रायव्हरनं तो वाचला १२० मिलिसेकंद. नियमावलीत मात्र या आकड्याचं एकक १०० मिलिसेकंद आहे. म्हणजे एसएसडीनं १२ सेकंद मागितले होते, आणि आम्ही तिला एक-अष्टमांश सेकंदसुद्धा दिला नाही. तेवढ्यात ती बोलली नाही म्हणून मेली असं समजून आमचा ड्रायव्हर रीसेट मारायचा. ती बिचारी धडपडून उठायची, पालटणं अर्धवट राहिल्याचं बघायची आणि शहाण्यासारखी जुन्या स्लॉटवर परतायची. मागितलेल्या वेळेचा शंभरावा हिस्साच आम्ही देत होतो. ६३ तासांनाही तसंच शंभरानं भागा, ३८ मिनिटं येतात.

जुन्या मॉडेलवर ही चूक कधीच दिसली नव्हती, आणि त्याचं कारण मला अजून झोंबतं. ती मॉडेलं त्या जागी शून्य लिहायची. शून्य म्हणजे ‘वेळ सांगितलेली नाही’. अशा वेळी आमचा ड्रायव्हर सरळ ६० सेकंद थांबायचा आणि काम आरामात व्हायचं. थोडक्यात, वेळ न सांगणाऱ्याला मिनिटभर सवलत आणि खरी वेळ सांगणाऱ्याच्या पाठीत रट्टा. तीन आठवडे आम्ही एसएसडीच्या कंपनीशी भांडत होतो. मीच दोन तिखट ईमेल लिहिल्या होत्या, त्या आता वाचवत नाहीत.

चूक पकडली माझ्या सहकारी मैत्रिणीनं. घणसोलीहून ठाण्याकडे परत येताना ट्रेनमध्ये मोबाइलवर लॉग, म्हणजे ड्रायव्हरनं केलेल्या नोंदी, बघत होती. म्हणाली, ‘अरे, हार्डवेअर बिघडलं असतं तर कधी लवकर, कधी उशिरा असं झालं असतं ना? हे प्रत्येक वेळी एकशेवीसच्या आसपासच कसं मोडतं?’ बिघाड इतका वक्तशीर नसतो. दुसऱ्या दिवशी एका ओळीत शंभरानं गुणलं.

मग अपडेट व्हायला लागलं, पण पडद्यावर आवृत्ती जुनीच! आवृत्तीचं नाव आठ अक्षरांचं असतं. ड्रायव्हर ते संगणक सुरू होताना एकदाच विचारून ठेवायचा आणि पुढे कुणीही विचारलं की तेच सांगायचा. पूर्वी बदल म्हटला की रीसेट ठरलेलाच, आणि रीसेटमध्ये नव्यानं विचारणं व्हायचं, त्यामुळे चालून जायचं. गाडी येऊन गेली तरी इंडिकेटरवर आधीचीच गाडी, तसला प्रकार. ही चूक फक्त आमची नव्हती, याचं थोडं समाधान आहे. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्येही पालटल्यानंतर आवृत्तीची नोंद ताजी करायची दुरुस्ती २०२३मध्ये झाली. बदल झाल्यावर एसएसडीकडून स्लॉटची यादी मागवायची. त्यात आत्ता कुठला स्लॉट चालू आहे आणि पुढच्या रीसेटला कुठला येणार, दोन्ही असतं. त्यातला आत्ताचा घ्यायचा. आम्ही पहिल्या प्रयत्नात पुढचा घेतला होता, पण ते जाऊ दे.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. शहाणी एसएसडी कमिटच्या वेळीच सांगते, ‘मला जाहीर वेळेत जमणार नाही, रीसेटनंच करा.’ पण जी सांगत नाही आणि वेळ उलटली तरी बावटा खाली घेत नाही, तिचं काय करायचं? लिनक्स रीसेट करतो. माझं म्हणणंही तेच, कारण वरती थोपवलेल्या मागण्यांची रांग वाढत असते. मैत्रीण म्हणते, जाहीर वेळेवर ब्लॉक संपलेला तू कधी बघितलास? दोन महिने वाद चालला. सध्या आमच्या कोडमध्ये जाहीर वेळेच्या दुप्पट थांबायचं असं लिहिलेलं आहे, आणि त्या ओळीवरच्या टिपणीत तिनं माझा आक्षेप माझ्या नावासकट नोंदवून ठेवला आहे.