रोटरी टूल : स्पीड आणि बिटची निवड

रोटरी टूल म्हणजे एका हातात मावणारं हाय-स्पीड मशीन, पुढच्या कोलेटमध्ये (बिटची दांडी पकडणारं तोंड) बिट, म्हणजे कामाचं टोक, बदलायचा आणि कापणं, घासणं, कोरणं, पॉलिश असली बारीक कामं करायची. ड्रेमेल हे यातलं ओळखीचं नाव, कंपनी 1932 ची, अमेरिकेतली. स्पीड साधारण 5,000 ते 35,000 आरपीएम (मिनिटाला फेरे), पण ड्रिलसारखा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, नसतो, त्यामुळे जोर लावला की मशीन मंदावतं आणि मोटर तापते. हात हलका ठेवायचा.

स्पीड ठरवताना लोक फक्त मटेरियल बघतात, बिटचा व्यास कोणी बघत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. 30,000 आरपीएमला 38 मिमीच्या कटिंग व्हीलची कड सेकंदाला जवळपास 60 मीटर पळते, म्हणजे ताशी 200 किमीच्या वर, आणि त्याच स्पीडला 3 मिमीचा बर (कोरायचा छोटा दातेरी बिट) जेमतेम 5 मीटर. म्हणून बिट मोठा तर स्पीड कमी, आणि पाकिटावरचा कमाल आरपीएम ओलांडायचा नाही म्हणजे नाही. वायर ब्रश तर 15,000 च्या खालीच, नाहीतर तारा सुटून उडतात, गॉगल हवाच.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यानंतर ठरलेलं काम म्हणजे बाल्कनीच्या ग्रिलचा गंजलेला स्क्रू, डोक्याची खाच पार गेलेली. फायबरवालं कटिंग व्हील लावून डोक्यावर सरळ नवी खाच पाडायची आणि चपट्या पेचकसाने फिरवायचा. व्हील खाचेत तिरकं झालं की तुटतंच, त्यात बिनफायबरचं पातळ व्हील तर लगेच. टाइलला डायमंड बिट, स्पीड मध्यम, अधूनमधून पाण्याचा थेंब (टाइलवर, मशीनवर नव्हे), धूळ वाईट असते म्हणून मास्क लावा. प्लॅस्टिक जास्त स्पीडला कापलं जात नाही, वितळून बिटलाच चिकटतं. अॅल्युमिनियम घासायच्या दगडात भरून बसतं, त्याला कार्बाइड बर बरा. पॉलिशचा फेल्ट (दाबलेल्या लोकरीचा बिट) कमी स्पीडलाच चालवायचा.

शँक (बिटची दांडी) बहुतेक 3.2 मिमीची, पण डेंटल आणि सोनारकामाचे बर 2.35 चे असतात, त्यांना वेगळं कोलेट लागतं, ते आधीच घेऊन ठेवा.