कॉन्टिनेन्टल आर्मीत भरती कशी होत असे? पात्रता, शपथ आणि कागदपत्रे

ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या अमेरिकेतल्या १३ वसाहतींकडे स्वतःचं खडं सैन्य नव्हतं, गावोगावची मिलिशिया, म्हणजे गरजेपुरती जमणारी स्थानिक नागरिकांची फौज होती. १४ जून १७७५ रोजी फिलाडेल्फियात काँग्रेसने, म्हणजे या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, रायफलधारी शिपायांच्या १० कंपन्या (तुकड्या) उभारायचं ठरवलं. हीच कॉन्टिनेन्टल आर्मी, म्हणजे वसाहतींच्या सामाईक सैन्याची सुरुवात. त्याच ठरावात काँग्रेसने भरतीच्या कागदाचा मजकूरही घालून दिला. मी स्वखुशीने एक वर्षासाठी शिपाई होत आहे, सैन्याचे नियम मला मान्य आहेत, एवढंच त्यात होतं. साध्या शिपायाला महिना ६⅔ डॉलर पगार मिळे. हत्यार आणि कपडे मात्र ज्याचे त्याने आणायचे.

कोणाला घेत?

जुलै १७७५ मध्ये भरतीवर निघालेल्या अधिकाऱ्यांना मिळालेल्या सूचनांनुसार उमेदवार १८ वर्षांखालचा नको होता. ब्रिटिश फौजेतून पळालेला, भटक्या, किंवा स्वातंत्र्याचा वैरी असल्याचा संशय असलेला माणूसही नको. जन्म अमेरिकेतला नसेल, तर बायकामुलं आणि कायमचं बिऱ्हाड तिथे असायला हवं. कृष्णवर्णीयांनाही घेऊ नये, असं त्याच सूचनांत होतं. हा उघड अन्याय होता, कारण जूनमध्येच बंकर हिलच्या लढाईत कृष्णवर्णीय शिपाई लढले होते. वर्षअखेरीस सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने आधी सेवा केलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांना पुन्हा नाव नोंदवू दिलं. फेब्रुवारी १७७८ मध्ये तर माणसं कमी पडली म्हणून ऱ्होड आयलंड राज्याने गुलामांनाही भरती खुली केली. तपासणीत पास झालेला गुलाम त्या क्षणापासून स्वतंत्र.

मुदत आणि मोबदला

एक वर्षाची बोली फार तोकडी ठरली. शिपाई जरा तयार होतो न होतो, तोच घरी जायची वेळ येई. म्हणून १६ सप्टेंबर १७७६ रोजी ८८ बटालियनचा ठराव झाला आणि प्रत्येक राज्याचा कोटा ठरला. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियाला प्रत्येकी १५, तर डेलावेअर आणि जॉर्जियाला एकेक बटालियन द्यायची होती. युद्ध संपेपर्यंत राहणाऱ्या शिपायाला २० डॉलर रोख आणि पुढे १०० एकर जमीन कबूल केली. नोव्हेंबरात तीन वर्षांचाही पर्याय आला, पण त्यात जमीन नव्हती.

शपथ आणि दाखला

भरती झाल्यावर सहा दिवसांच्या आत शिपायाला युद्धनियम वाचून दाखवायचे. मग भरती अधिकाऱ्याने त्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं. हा दंडाधिकारी सैन्यातला अधिकारी नसावा, अशी अट होती. तिथे एकनिष्ठ राहण्याची शपथ होई आणि दंडाधिकारी तसा दाखला अधिकाऱ्याच्या हाती देई. एकदा शपथ झाली की लेखी मुक्तिपत्राशिवाय शिपायाला सोडता येत नसे.

या सगळ्यात शिपायाच्या दृष्टीने मोलाची ओळ मुदतीची होती आणि नेमकी तीच संदिग्ध राहिली. पेनसिल्व्हेनियाच्या अनेक शिपायांच्या कागदावर ‘तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत’ असं लिहिलं होतं. शिपाई म्हणत, तीन वर्षं भरली, आम्ही सुटलो. अधिकारी म्हणत, युद्ध संपेपर्यंत थांबा. त्यातच अंगावर धड कपडे नाहीत, पगार थकलेला. १ जानेवारी १७८१ च्या रात्री मॉरिसटाऊनजवळच्या छावणीत उठाव झाला. तडजोडीत ठरलं की भरतीचा कागद सापडत नसेल, तर शिपायाची शपथच पुरावा मानायची. त्या आधारावर निम्म्याहून अधिक शिपाई मोकळे झाले.