किंमत पडली की भरपाई मिळतेच?

‘नगरपालिकेमुळे जागेची किंमत पडली की भरपाई मिळतेच’ हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. अमेरिकेत तरी तो साफ चुकीचा आहे. ओहायोतल्या युक्लिड गावात अँबलर रिअल्टी कंपनीची ६८ एकर जमीन होती. जमीनवापरावर निर्बंध आले आणि एकरी १०,००० डॉलरचा भाव २,५०० वर आला, अशी कंपनीची तक्रार. १९२६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला.

रस्ता खोदला, गिऱ्हाईक आटलं, एवढ्यावरही सहसा काही मिळत नाही. दुकानात शिरायची वाटच तुटली किंवा जागेचा तुकडा घेतला, तर मात्र दाव्यात दम असतो. मला हा समज घातक वाटतो, कारण त्याच्या भरवशावर माणसं वकिलाच्या फीपायी उरलीसुरली पुंजीही घालवतात.