सह्याद्रीखालचे डोंगर

कोल्हापुरात ग्रॅनाइट विकत मिळतो, जमिनीत सापडत नाही. अंबाबाईच्या देवळाचा दगड काळा, खिद्रापूरच्या कोपेश्वराचा काळा, इराणी खणीतून निघाला तोही काळाच. हा सगळा बेसाल्ट, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. पन्हाळ्यावर गेलात तर जांभा लागतो, पण तोही याच बेसाल्टची झीज होऊन तयार झालेला. ग्रॅनाइट मात्र बाहेरून ट्रकनं येतो आणि स्वयंपाकघरात ओटा होऊन बसतो.

तो ओटा गुलाबी किंवा करडा असेल तर ओलं फडकं फिरवून जरा जवळून बघा. सरळ कडांचे गुलाबी किंवा पांढुरके तुकडे दिसतात, ते फेल्डस्पार. काळे, चमकणारे ठिपके बहुधा अभ्रकाचे. आणि या दोघांच्या फटीत, उरलेल्या जागेत कसाबसा मावलेला काचेसारखा राखाडी दगड म्हणजे क्वार्ट्‌झ. त्याला स्वतःचा असा आकार नाही, कारण तो सगळ्यात शेवटी गोठला. तोवर बाकीच्यांनी जागा अडवलेली. हे कण डोळ्यांना दिसतात याचाच अर्थ हा वितळलेल्या दगडाचा रस फार सावकाश थंड झाला. बेसाल्ट उघड्यावर भराभर गोठला, म्हणून त्याचे कण भिंगाशिवाय कळत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटरवर, हजारो-लाखो वर्षं घेऊन गोठतो.

(ओटा चमचमत्या काळ्या ‘ब्लॅक गॅलेक्सी’चा असेल तर हा प्रयोग फसेल. आंध्रातल्या चिमाकुर्तीचा तो दगड भूशास्त्राच्या हिशेबानं ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रो आहे, म्हणजे बेसाल्टसारखाच रस पण खोलवर सावकाश गोठलेला. बाजारात पॉलिश धरणारा प्रत्येक कठीण दगड ग्रॅनाइटच्या नावानं खपतो.)

ग्रॅनाइट हा वितळलेल्या रसाचा दगड, हेसुद्धा एके काळी भांडून सिद्ध करावं लागलं. प्राचीन समुद्राच्या पाण्यातून तो साक्यासारखा खाली बसला, असं मानणारे बरेच होते. 1785 मध्ये स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांना स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट खोऱ्यात लाल ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या सापडल्या. घुसायचं तर आधी पातळ असायला हवं, आणि घुसणारा दगड ज्यात घुसला त्याच्यापेक्षा तरुण असायला हवा. पण एवढा रस येतो कुठून, हा प्रश्न त्यानंतरही बराच काळ चघळला गेला.

उत्तर डोंगर घडण्याच्या प्रक्रियेत आहे. दोन खंड एकमेकांवर आदळले की कवच दुमडतं, एकावर एक चढतं आणि जाड होतं. एरवी खंडाचं कवच 35-40 किलोमीटर जाड असतं, तिबेटखाली ते जवळपास 70 आहे. वर जेवढा डोंगर दिसतो त्याच्या कितीतरी पट खाली गेलेला असतो. या जाड कवचातले युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम सतत थोडी थोडी उष्णता सोडत राहतात, आणि वर एवढं पांघरूण असल्यामुळे ती बाहेर पडायला मार्ग नसतो. तापमान सातशे अंशांच्या पुढे गेलं की अभ्रकात बांधलेलं पाणी सुटतं. पाणी मिळालं की खडक बऱ्याच कमी तापमानाला वितळतो. सगळा नाही, आधी त्यातला लवकर वितळणारा भाग, म्हणजे क्वार्ट्‌झ-फेल्डस्पारचा. हा रस आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर सरकतो आणि वाटेत कुठेतरी गोठतो. तोच ग्रॅनाइट.

तापायला वेळ लागतो, आणि हा उशीर हिमालयात मोजता येतो. भारत आशियाला भिडला सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी, पण गंगोत्रीचा ग्रॅनाइट जेमतेम सव्वादोन कोटी वर्षांचा. गोमुखापलीकडचं शिवलिंग शिखर त्याच दगडाचं: फिकट, आणि त्यात टूर्मलीन नावाचं काळं खनिज. नेपाळातल्या आठ हजारी मनासलू शिखराचा माथाही याच जातीचा. उलट लडाखचा ग्रॅनाइट या टकरीच्या आधीचा. मध्ये समुद्र होता तेव्हा त्याचा तळ आशियाखाली सरकत होता, त्यातून सुटलेल्या पाण्यानं त्याच्या वरचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा थर, वितळलं, आणि त्या रसातून तो घडला. एकाच पर्वतात, थोड्या अंतरावर, दोन वेगवेगळ्या काळांचे आणि वेगवेगळ्या कारणांचे ग्रॅनाइट. कोणता कधीचा हे त्यातले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सांगतात: युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजायचं, की वय निघतं.

आता प्रश्न असा की इतक्या खोल गोठलेला दगड शिखरावर कसा पोहोचतो? उसानं भरलेल्या ट्रकचे पाटे दबलेले असतात. कारखान्यात ऊस उतरत जातो तसतसा ट्रक वर उचलला जातो. नद्या आणि हिमनद्या डोंगर खरवडतात तेव्हा त्याचं खालचं मूळ असंच वर येतं. किलोमीटरभर दगड झिजला तर साधारण 800 मीटर खालून भरून निघतो, म्हणून डोंगर संपायला कोट्यवधी वर्षं लागतात. पण तो संपतोच, आणि शेवटी उघडं पडतं ते मूळ.

असं मूळ बघायला कोल्हापूरकरांनी हिमालयात जायची गरज नाही, संकेश्वरमार्गे गोकाकपर्यंत गेलं तरी अर्धी गोष्ट कळते. तिथं बेसाल्ट संपतो आणि घटप्रभा ज्या कड्यावरून कोसळते तो वाळूच्या दगडाचा आहे, अब्ज वर्षांहून जुन्या कलादगी थरांचा. ती वाळू ज्यावर साचली ते खडक त्याहून पुरातन. आणखी पूर्वेला हंपीला तर ग्रॅनाइटचं राज्यच: धोंड्यांवर धोंडे, सुमारे अडीच अब्ज वर्षांचे. बंगळुरूजवळच्या रामनगरपासून उत्तरेकडे पसरलेला क्लोजपेट ग्रॅनाइटचा सुमारे 400 किलोमीटरचा पट्टाही त्याच काळातला. धारवाड भूखंडाचे, म्हणजे दक्षिण भारताच्या पुरातन गाभ्याचे, तुकडे तेव्हा एकमेकांना जोडले जात होते. वरचे डोंगर गेले, हा उरला.

सह्याद्रीला यात ओढू नये. तो टकरीतून उठलेला पर्वत नाही. लाव्ह्याच्या पठाराची कडा तुटली, झिजली, मागे सरकली, त्याचे हे घाट. त्याचे माथे सपाट आहेत ते त्यामुळेच.

मात्र त्याच्या पोटाखाली जुने डोंगर आहेत. पाटण तालुक्यात गोठणे इथं 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. पहिला सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला, आणि त्याखाली तळापर्यंत ग्रॅनाइट आणि त्याच्याच कुळातला पट्टेदार नाइस. मला त्यातली सगळ्यात रंजक वाटते ती दुसरीच गोष्ट. कोयना परिसरात घेतलेल्या इतर विंधनछिद्रांमध्ये बेसाल्टची जाडी जागेनुसार बदलते, पण त्याचा तळ बहुतेक सगळीकडे जवळपास एकाच पातळीवर लागतो. म्हणजे लाव्हा आला तेव्हा इथले डोंगर केव्हाच झिजून सपाट मैदान झालं होतं.

हे भोक दगड बघायला पाडलेलं नव्हतं, भूकंपांसाठी होतं. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला जो भूकंप झाला, कोल्हापुरातही ज्यानं माणसं अंथरुणातून उठली, तो वरच्या काळ्या दगडात झाला नाही. कोयनेचे धक्के प्रामुख्यानं खालच्या ग्रॅनाइट-नाइसमधल्या जुन्या भेगांवर बसतात. धरणाचं पाणी तिथवर झिरपून दाब कसा वाढवतं, हे कऱ्हाडच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ अजून तपासत आहेत.