नाताळच्या ताटातला खार आणि लोणी

उपवासाचं ताट रोजच्या जेवणापेक्षा भरगच्च असणं ही काही आपली एकट्याची मक्तेदारी नाही. पोलंडमध्ये 24 डिसेंबरला पहिली चांदणी दिसेपर्यंत थांबतात आणि मग बारा पदार्थ मांडतात, पण त्यांत मांसाचा तुकडा नसतो. जुन्या कॅथलिक शिस्तीत नाताळाआधीचे आठवडे उपासाचे. मांस वर्ज्य, बऱ्याच ठिकाणी दूध-लोणीही वर्ज्य. मासा मात्र चाले. पण ऐन थंडीत मासा आणायचा कुठून? प्रत्येक मुलखाने आपल्या हवेला साजेसं उत्तर शोधलं. सोळाव्या शतकात उत्तर युरोप प्रोटेस्टंट झाला, उपास सुटला, पण मासा ताटात राहिला.

सगळ्यात अजब उत्तर नॉर्वेचं. लोफोटेन बेटांवर फेब्रुवारीपासून मेपर्यंत कॉड मासे शेपट्या बांधून जोडीजोडीने लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ अजिबात लावत नाहीत. तिथलं तापमान त्या दिवसांत शून्याच्या आसपास रेंगाळतं, हेच खरं भांडवल. कडक गोठण झाली तर बर्फाचे स्फटिक माशाचे तंतू फाडतात. ऊब वाढली तर माश्या बसतात, जंतू माजतात. कॉडच्या मांसात चरबी जेमतेम एक टक्का, म्हणून तो हवेवर वाळतो. तेलकट हेरिंग मासा असा टांगला तर चरबी खवट होते, त्याला मीठच लागतं. वाळलेला कॉड लाकडासारखा कडक होतो, मूळ वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

हे लाकूड पुन्हा खाण्याजोगं करायची रीत म्हणजे लूटेफिस्क, शब्दशः ‘खाराच्या पाण्यातला मासा’. खार म्हणजे इथे मीठ नव्हे, आम्लाच्या उलट गुणाचा अल्कली. आधी पाच-सहा दिवस थंड पाण्यात भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. मग साधारण दोन दिवस खाराच्या पाण्यात: पूर्वी बर्च लाकडाच्या राखेचं पाणी, आता कॉस्टिक सोडा. या टप्प्यावर माशाचा पीएच (आम्ल-खार मोजायचं माप, 7 म्हणजे मधोमध) 11-12 असतो, म्हणजे तोंडात घातला तर तोंड भाजेल. म्हणून पुन्हा चार ते सहा दिवस साध्या पाण्यात, रोज पाणी बदलून, खार उतरवायचा. इथे आळस केला की चवीला साबण.

खार नेमकं करतो काय? माशाच्या प्रथिनांवरचा विद्युतभार साधारण पीएच 5.5 ला जमा-खर्चाने शून्य असतो. तेव्हा धागे एकमेकांना बिलगून बसतात, पाण्याला जागा नाही. पीएच वर गेला की सगळ्या धाग्यांवर ऋण भार चढतो, ते एकमेकांना ढकलतात, जाळं सैलावतं आणि पाणी आत शिरतं. म्हणूनच लूटेफिस्क ताज्या माशापेक्षाही जास्त फुगतो आणि थरथरत्या जेलीसारखा पारदर्शक होतो. छोले भिजवताना सोडा घातला की ते लवकर मऊ होतात, तेव्हाही खार गाठी सैल करत असतो. फरक एवढाच, की तिथे तो मुख्यतः सालीतल्या पेक्टिनवर काम करतो.

शिजवताना पाणी घालायचं नाही, ते माशातच ठासून भरलेलं आहे. किलोला चमचाभर मीठ भुरभुरायचं, म्हणजे थोडं पाणी सुटून मांस घट्ट होतं. झाकण लावून 200 अंशांवर अर्धा ते पाऊण तास. दहा मिनिटं जास्त झाली तर वाढायला डाव लागतो. खाराच्या माऱ्याने प्रथिनांतलं गंधक मोकळं होतं, ते चांदीला धरतं आणि काळं सल्फाइड बनतं; म्हणून आजीचे चांदीचे काटे-चमचे त्या दिवशी कपाटातच बरे. ॲल्युमिनियमच्या भांड्यालाही खार खातो. नॉर्वेत वर बेकनची गरम चरबी ओततात, सोबत वाटाणा. स्वीडन-फिनलंडमध्ये पांढरा सॉस आणि ऑलस्पाइस नावाच्या मसाल्याची पूड. खरं सांगायचं तर माशाला स्वतःची चव फारशी उरत नाही, सगळी मदार वरच्या पदार्थावर. आज नॉर्वेत 24 च्या रात्री बहुतेक घरांत डुकराच्या किंवा खारवलेल्या मेंढीच्या बरगड्याच असतात.

तोच कॉड पोर्तुगालला जातो तो मीठ लावून. त्याला एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवलं की पुरे. 24 ला तो बटाटा-कोबीबरोबर उकडून वर ऑलिव्ह तेल सोडतात.

चेक लोकांना समुद्रच नाही. त्यांचा मासा तलावातला कार्प. ट्रेबोन्यच्या परिसरातले, मध्ययुगापासून खोदलेले तलाव शरद ऋतूत उपसतात. तलावातल्या सूक्ष्मजीवांमुळे माशाच्या मांसात जिओस्मिन साठतं. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो तो याच रेणूचा. आपलं नाक तो पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी ओळखतं. अंगणात हवाहवासा, घासात मात्र चिखल. म्हणून कार्प आधी स्वच्छ वाहत्या पाण्याच्या हौदांत ठेवतात. घरच्या बाथटबमध्ये दोन दिवस कार्प पोहवायची प्रसिद्ध प्रथा त्या कामाला तोकडीच. खरा उपयोग मासा ताजा राहण्याचा, आणि मुलांनी त्याला नाव देऊन मग रडण्याचा. लिंबू पिळणं मात्र शास्त्रशुद्ध आहे, कारण आम्लात जिओस्मिनचा वास मोडतो. कार्पचं एक खवलं पैसा टिकावा म्हणून पाकिटात ठेवतात.

आता लोण्याकडे. जर्मनीत ड्रेस्डेनचा श्टोलेन हा नाताळचा पाव उपासामुळे पाणी, ओट आणि तेलाचा, म्हणजे बेचव असे. ड्रेस्डेन ज्या मुलखात येतं त्या सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमकडे अर्ज केला आणि 1491 मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी लोणी वापरायची परवानगी दिली. ते पत्र ‘लोण्याचं पत्र’ म्हणूनच ओळखलं जातं. आज ड्रेस्डेनच्या नावाने विकायचा तर 100 भाग मैद्याला किमान 50 भाग लोणी, 65 बेदाणे, 20 संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल आणि 15 बदाम लागतात.

इतक्या लोण्यात यीस्ट मंदावतं आणि ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, धागे लांब होत नाहीत. म्हणून आधी थोडा मैदा, दूध आणि यीस्ट वेगळं फुगवून घेतात, लोणी मागून. बेदाणे आदल्या रात्री रममध्ये भिजवतात, नाहीतर ते कणकेतलं पाणी ओढतात आणि पाव कोरडा पडतो. ते मळणीच्या शेवटी घालायचे, आणि वर डोकावणारे भाजण्याआधी वेचून काढायचे. जळून कडू होतात. ओव्हनमधून निघताच गरम पावाला वितळलेलं लोणी पाजायचं, मग पिठीसाखरेचा जाड थर. दोन-तीन आठवडे गार, कोरड्या जागी गुंडाळून ठेवला की फळांतला ओलावा पावात उतरतो. फ्रिज नको, त्या थंडीत पावातला स्टार्च लवकर कडक होतो. आणि कापायचा तो टोकाकडून नव्हे, मधोमध. हवे तेवढे काप काढले की दोन्ही अर्धुकं पुन्हा एकमेकांना चिकटवून ठेवायची, म्हणजे कापलेली बाजू उघडी पडत नाही.