निखाऱ्यावरची जोडी : हॅलोवीन आणि लग्न

१७८५ साली स्कॉटलंडच्या एअरशायर भागातल्या २६ वर्षांच्या एका शेतकऱ्याने हॅलोवीनच्या रात्रीवर एक लांबलचक कविता लिहिली. त्याचं नाव रॉबर्ट बर्न्स. पुढच्या वर्षी किलमारनॉक गावी त्याचा पहिला संग्रह छापला गेला, त्यात ही कविता आली. शहरी वाचकाला शेतकऱ्यांच्या चालीरीती कळाव्यात म्हणून त्याने खाली टिपाही दिल्या. आज हॅलोवीन म्हटलं की डोळ्यांपुढे सांगाडे, कोळ्यांची जाळी आणि कोरलेले भोपळे येतात. बर्न्सच्या कवितेतही पऱ्या आणि सैतान आहेत, पण कडेकडेला. मधोमध आहे लग्न.

त्या रात्री तरुण मुलंमुली डोळे मिटून, हातात हात घालून परसात जात आणि केल या कोबीच्या जातीच्या भाजीचं हाताला लागेल ते रोप उपटून आणत. दांडा सरळ की वाकडा, त्यावरून जोडीदाराची उंची आणि बांधा ठरे. मुळांना माती जास्त चिकटली असेल तर हुंडा चांगला मिळणार. दांड्याचा गाभा चाखून बघायचा: गोड लागला तर स्वभाव गोड, कडू लागला तर आयुष्यभराची कटकट. मग चुलीपुढे तीन भांडी मांडली जात. एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात गढूळ, तिसरं रिकामं. डोळे बांधून डावा हात बुडवायचा. स्वच्छ पाणी लागलं तर कुमारिकेशी लग्न, गढूळ लागलं तर विधवेशी, आणि रिकामं लागलं तर लग्नच नाही. कवितेत एक म्हातारा जॉनकाका आहे. १७१५ च्या बंडाच्या वर्षापासून, म्हणजे तब्बल ७० वर्षं, त्याच्या मनात लग्न आहे. तिन्ही वेळा त्याच्या हाताला रिकामं भांडं लागतं आणि तो ती भांडी उचलून आगीत फेकतो.

मला ही कविता सापडली ती एका साध्या प्रश्नामुळे. न्यू जर्सीत आम्ही चार जोडपी दर वर्षी ऑक्टोबरअखेरीस एकत्र जमतो, वर्तमानपत्रं पसरून भोपळे कोरतो, गरम सफरचंदाचा रस पितो. एका वर्षी मैत्रिणीने बिया काढता काढता विचारलं, "आपल्यात अजून कुणाला मूलबाळ नाही, मग आपण हा लहान मुलांचा सण का करतोय?" मी शोधायला बसले आणि लक्षात आलं की हा सण लहान मुलांचा झाला तो फार अलीकडे. त्याआधी कितीतरी काळ तो लग्न न झालेल्यांचा, लग्नाची वाट बघणाऱ्यांचा होता.

मुळाशी आहे 'साविन', आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेल भाषकांचा हिवाळ्याच्या तोंडावरचा सण. तिकडे दिवस सूर्यास्ताला सुरू होई, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागे. त्याला सरसकट 'दोन हजार वर्षांपूर्वीचा' म्हटलं जातं, पण त्याची लेखी वर्णनं मिळतात ती मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखणीतून उतरलेल्या आयरिश कथांत. चर्चने मुद्दाम साविनच्याच दिवशी आपला सण आणून बसवला, हेही मला पटत नाही. रोममध्ये आठव्या शतकात पोप तिसऱ्या ग्रेगरीने सर्व संतांच्या नावाने एक प्रार्थनास्थळ उभारलं, ८३५ साली फ्रँक राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात, १ नोव्हेंबर हा त्यांचा दिवस ठरला. त्या वेळी आयर्लंडमधलं चर्च मात्र हा दिवस एप्रिलमध्ये पाळत होतं. साविनवर कब्जा करायचा असता तर सुरुवात आयर्लंडमधूनच झाली असती. २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठातल्या ओडिलोने रूढ केला. वसई, वांद्रे, गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं त्या दिवशी दफनभूमीत जाऊन फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, ती याच परंपरेतली. हॅलोवीन हे नावही तिथलंच: सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ.

पण आदल्या संध्याकाळचा लग्नाशी संबंध कसा आला? त्याचं उत्तर मला धर्मापेक्षा शेतीत सापडतं. आयर्लंडमध्ये मे महिन्यात गुरं डोंगरावरच्या कुरणांत नेत. त्यांच्याबरोबर बहुधा तरुण मुली जात, तिथेच झोपड्यांत राहून दूध काढत, लोणी करत. साविनला गुरं खाली येत, मुलीही परत येत. खंड भरायचे दिवस दोनच, १ मे आणि १ नोव्हेंबर, त्यामुळे वर्षाचा हिशेबही याच सुमारास व्हायचा. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तरेला शेतगड्यांच्या नेमणुका ११ नोव्हेंबरच्या आसपास बदलत. पीक घरात आलेलं, रात्री मोठ्या झालेल्या, आणि सहा महिने पांगलेली तरुण मंडळी एका चुलीभोवती. पुढे आयर्लंडच्या खेड्यांत लग्नं जमायची ती नाताळनंतर आणि लागायची ती ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू होण्याआधी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. म्हणजे हॅलोवीनला ज्याचं नाव मनात धरायचं, त्याच्याकडे मध्यस्थ जायला दोन-तीन महिने अवकाश. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की घरात स्थळांचं बोलणं जोर धरतं, तसाच हा सुगीनंतरचा काळ.

सगळ्यांत सुंदर खेळ होता हेझलनटचा. दोन हेझलनट घ्यायची, एकाला मुलाचं नाव द्यायचं, एकाला मुलीचं, आणि निखाऱ्यांवर शेजारी शेजारी ठेवायची. दोन्ही शांतपणे एकत्र जळली तर संसार सुखाचा. एखादं तडकून उडालं तर जमायचं नाही. हा खेळ इतका रुळला होता की इंग्लंडच्या उत्तर भागात हॅलोवीनला 'नटक्रॅक नाइट' असंच नाव पडलं. यात नाव मोठ्याने घ्यायचं की मनात, यावर सगळी गंमत. नाव घेताना लाजणारी मुलगी मला फार ओळखीची वाटली. उखाण्याच्या वेळी आपल्याकडे जे होतं तेच.

आयर्लंडमध्ये भविष्य ताटात येई. बार्मब्रॅक नावाचा मनुके घातलेला गोडसर पाव करत आणि कणकेतच काही वस्तू मळत. ज्याच्या तुकड्यात अंगठी, त्याचं वर्षाच्या आत लग्न. नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही. काडी आली तर लग्न होणार पण सुखाचं नसणार, जोडीदार मारझोड करणार. या काडीपाशी मी थांबते. एका सणाच्या गोड पावात कुणीतरी हेही मळून ठेवलं होतं. घरातल्या बायकांना संसारात काय काय असू शकतं हे ठाऊक होतं आणि मुलींपासून त्यांनी ते लपवलं नव्हतं. आजही आयर्लंडमध्ये ऑक्टोबरात दुकानांत बार्मब्रॅक मिळतो. त्यात अंगठी असते, बाकीच्या वस्तू बहुतेक गळाल्या आहेत. उकडलेला बटाटा आणि केल कुस्करून, लोणी घालून केलेल्या कोलकॅनन या पदार्थातही अशीच अंगठी दडवत. शिवाय सफरचंदाचं साल एकसंध सोलून डाव्या खांद्यावरून मागे टाकायचं, जमिनीवर जो आकार पडेल ते जोडीदाराच्या नावाचं पहिलं अक्षर. मध्यरात्री मेणबत्ती घेऊन आरशापुढे सफरचंद खायचं, आरशात खांद्यामागे त्याचा चेहरा दिसतो म्हणे.

१८३२ साली आयर्लंडच्या ब्लार्नी गावात एका धर्मगुरूच्या कोठारात हॅलोवीनची मेजवानी झाली. चित्रकार डॅनियल मॅक्लिस तिथे होता. पुढच्या वर्षी त्याने ती रंगवली. चित्रात एकटं क्वचितच कुणी आहे. नाचणारी, सफरचंद दातांनी पकडणारी, कोपऱ्यात नशीब आजमावणारी, सगळीकडे जोड्या आणि घोळके.

त्यानंतर १२-१३ वर्षांनी बटाट्यावर रोग पडला. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांतली बरीच अमेरिकेत उतरली आणि हॅलोवीन त्यांच्याबरोबर आला. तिकडे सलगम कोरून दिवे करत, इकडे भोपळा मिळाला. तो मऊ, मोठा, आतून पोकळ. सलगम कोरून बघितलं आहे मी, मनगट दुखून येतं.

मागे राहिलेल्या आयर्लंडमध्ये लग्नाचं वय वाढत गेलं. जमिनीचे तुकडे करायचे नाहीत म्हणून एकाच मुलाला शेत, आणि बापाने ते हाती देईपर्यंत त्याचं लग्न नाही. १९२० च्या दशकात तिथल्या पुरुषाचं लग्नाचं सरासरी वय पस्तिशीच्या घरात पोचलं होतं. कित्येकांची लग्नं झालीच नाहीत. अशा घरात अंगठी कुणाच्या तुकड्यात येते याकडे कसे डोळे लागत असतील, ते मी कल्पनेनेच बघते. जॉनकाका तिथे घरोघरी होता.

अमेरिकेत सुरुवातीला खेळ तेच राहिले. १९०५ ते १९१५ या पोस्टकार्डांच्या भरभराटीच्या काळात हॅलोवीनच्या कार्डांवर हमखास दिसते ती मेणबत्ती धरून आरशापुढे उभी मुलगी आणि तिच्यामागे आरशात उमटलेला तरुण. डेनिसन नावाची क्रेप कागद बनवणारी कंपनी १९०९ पासून हॅलोवीनच्या पार्टीची पुस्तिका काढू लागली: सजावट कशी करायची, वेश कोणता, खेळ कोणते. पण शहरात मुलंमुली एकमेकांना भेटायला वर्षातल्या एका रात्रीवर अवलंबून उरली नव्हती. सिनेमा होता, नाचघरं होती. ज्याला शनिवारी प्रत्यक्ष भेटायचं त्याला आरशात कशाला शोधायचं? माझ्या मते लग्नाचं भविष्य इथेच मागे पडलं, आणि रिकाम्या झालेल्या रात्रीत पोरांचा धुडगूस शिरला. फाटकं पळवणं, खिडक्यांना साबण फासणं, गाड्या उलथवणं. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० मध्ये पोरांना गुंतवायला मिरवणूकच सुरू केली. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द याच सुमारास कॅनडातल्या वर्तमानपत्रांत दिसू लागतात: खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, ते १९४७ मध्ये उठलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहू लागलं, एकासारखी एक घरं, दाराला लागून दार. युद्धावरून परतलेले सैनिक आणि त्यांच्या बायका तिथे संसार मांडत होत्या. १९५० साली अमेरिकेत पहिल्या लग्नाचं मध्यम वय पुरुषांसाठी सुमारे २३ आणि बायकांसाठी सुमारे २० होतं. विशी-पंचविशीतली जोडपी, कडेवर मूल, शेजारीही तसेच. हॅलोवीन लहान मुलांचा झाला तो तेव्हा. लग्न हे या रात्रीचं भविष्य उरलं नव्हतं. ते आता दार उघडून, हातात खाऊची टोपली घेऊन उभं होतं.

आता तेच वय पुरुषांसाठी तिशीला आणि बायकांसाठी २८ च्या पुढे गेलं आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये मुखवटे बनवणाऱ्या राल्फ ली यांनी एक मिरवणूक सुरू केली, ती आज प्रचंड मोठी होते आणि तिथे मोठी माणसंच जास्त असतात. नवराबायको मिळून एकच वेश ठरवतात, मीठदाणी आणि मिरपूडदाणी, सुई आणि दोरा. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. उशिरा लग्न झालेली, मूल नसलेली किंवा अजून लग्नच न झालेली माणसं पुन्हा एका चुलीभोवती जमताहेत. आम्ही सण उसना घेतला नव्हता, त्याच्या जुन्या जागी जाऊन बसलो होतो.

आमच्यासारख्यांच्या संसारात या रात्रीला आणखी एक जागा आहे. मी लग्न करून इथे आले तेव्हा माझा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून होता. त्या व्हिसावरच्या काही जणांना नोकरीची परवानगी मिळू लागली ती मे २०१५ पासून, त्याआधीची वर्षं घरात गेली. सकाळी ८ ला तो जाणार, संध्याकाळी ७ ला येणार, मधे कुणी बेल वाजवणार नाही. पहिल्या ऑक्टोबरात ३१ तारखेला ती एका संध्याकाळी चाळीस वेळा वाजली. शेजारीण आहे, तिचं नाव काय, तिला दोन मुली आहेत, हे सगळं मला त्या एका संध्याकाळी कळलं.

२०१६ साली तर ३१ ऑक्टोबरला दिवाळीचा पाडवा आला. मी निरांजन लावून नवऱ्याला ओवाळत होते आणि दारात एक छोटी मधमाशी आणि एक समुद्री चाचा उभे. तबक तसंच धरून मी दार उघडलं. मधमाशीला चॉकलेट नको होतं, तिला तबकातली करंजी हवी होती.

गेल्या वर्षी आम्ही आठ जणांनी जुना खेळ करून बघितला. अंगणातल्या शेकोटीत प्रत्येक जोडप्याची दोन हेझलनट ठेवली. तीन जोड्या शांत धुमसत राहिल्या. आमच्यातलं एक फटकन उडालं आणि गवतात गेलं. लग्नाला ११ वर्षं झालेली, तरी माझ्या पोटात क्षणभर काहीतरी हललं. नवरा फोनचा दिवा लावून गवतात वाकला, बराच वेळ शोधत राहिला, आणि पालापाचोळ्यातून ते गरम गरम उचलून आणलं. तळहातावर झेलत झेलत फोडलं. आतून छान भाजलं गेलं होतं. अर्धं त्याने मला दिलं.