सीझनआधी साऊंड तपासायची पद्धत आली कुठून?

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक, ते थेट होळीपर्यंत चालते. वडशाकडचा कोणताही साऊंडवाला किंवा गावातला मंडप-साऊंड भाड्याने देणारा बिछायत केंद्रवाला सांगेल की मशीन बिघडते ती सीझनमध्ये कमी आणि ठेवून ठेवून जास्त. कारण होळीनंतर सगळा माल टिनाच्या गोदामात जातो, मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर, मग टिनाखाली काय होत असेल विचार करा, आणि त्यावर चार महिने पावसाची ओल. अॅम्प्लिफायरमधल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यात, ओलसर रसायन असते, ते उष्णतेने सुकते. साधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढले की कंडेन्सरचे आयुष्य अर्ध्यावर येते. मग स्पीकरमधून घूंऽऽ सुरू.

आता यात मोजायची पद्धत कशी आली ते बघू. सुरुवातीला सगळे टेलिफोन आणि रेडिओवाल्यांचे काम. अमेरिकेत १९३९ साली दोन मोठ्या गोष्टी झाल्या. एक म्हणजे व्हीयू मीटर, आवाजाची लेव्हल काट्याने दाखवणारा, टेलिफोनवाल्यांची प्रयोगशाळा बेल लॅब्ज आणि तिथल्या सीबीएस, एनबीसी या रेडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलेला, म्हणजे सगळ्यांच्या मशीनवर काटा सारखाच बोलेल. तो काटा मुद्दाम सुस्त ठेवला आहे, वर जायला ३०० मिलिसेकंद घेतो, माणसाच्या बोलण्याला ते बरोबर, पण ढोलकीची थाप त्याच्या आधीच येऊन जाते. म्हणून काटा लाल पट्टीच्या खाली दिसतो आणि तरी आवाज फाटतो, हे मला फार महत्त्वाचं वाटते, कारण आजही लोक काट्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) कंपनीचा ऑडिओ ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं यंत्र, मॉडेल २००ए, कंपनीचं पहिलंच प्रॉडक्ट. एकसारखा स्वच्छ सूर मशीनमध्ये सोडायचा, बाहेर काय निघते ते बघायचं, लहर वरून चपटी झाली की समजायचं इथे क्लिपिंग आहे, म्हणजे आवाज फाटतो. त्याआधी असे ऑसिलेटर महाग आणि किचकट असायचे. कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक, ह्यूलेट, त्याने सूर स्थिर ठेवायला आत चक्क एक छोटा बल्ब लावला, तार गरम झाली की तिचा रोध वाढतो, सिग्नल वाढायला लागला की आपोआप आवरला जातो.

आणि आपल्याकडचा मेकॅनिक काय वापरतो? सिरीज बल्ब! तत्त्व तेच. गोदामातून काढलेला अॅम्प थेट लाइनवर लावायचा नाही, आधी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे लाइन आणि अॅम्पच्या मध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचला. ज्याच्याकडे डिमरस्टॅट आहे तो व्होल्टेज हळूहळू चढवतो, म्हणजे बरेच महिने पडून असलेल्या कंडेन्सरचा आतला थर परत बसतो.

आपल्या देशात १९४० साली दिल्लीत आहुजा रेडिओज सुरू झाली, १९४८ ला नागपूरला आकाशवाणी केंद्र आले. रेडिओ केंद्रात मोजून रोज तपासायची शिस्त असायचीच, गावात मात्र मशीन आली आणि मोजायची साधनं मागे राहिली, म्हणून कानच मीटर झाला. आपले जुने माइकवाले पोंग्याचा (भोंगा स्पीकरचा) आवाज ऐकून लीड (वायर) तुटली की अर्थिंग गेली ते सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात.

पण आता इक्वलायझर, कंप्रेसर, इको सगळं एकाच डिजिटल मिक्सरच्या पोटात आलं, बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते नुसत्या कानाने कळत नाही. एक हजार हर्ट्झचा सूर तर फोनमधूनही निघतो, चॅनेल एक-एक करून सोडायचा, लेव्हल कुठे पडते ते वहीत लिहून ठेवायचं, पुढच्या दिवाळीला तोच आकडा ताडून बघता येतो. पॉटची, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या नॉबमागच्या भागाची, खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब दहा-वीस वेळा फिरवायचा आणि उंदराने लीड कुरतडली का ते टॉर्च लावून बघायचं, हे नाटकाच्या आदल्या दिवशी नाही, धान कापणीच्या आधी.